ओ

शिवडीच्या म्युनिसिपल शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
चौथी 'ब'च्या ठेंगण्या बाकांत गुडघे दुमडून
बसतात अकरा बायका. आठवड्यातून चार दिवस,
भांडी आटोपल्यावर, टँकर आला नाही तर.

पहिले दोन महिने मी फळ्याशीच भांडले.
'वॉटर' म्हणा. म्हणत. बुधवारी विसरत.
जैबुन्निसा म्हणाली, बाई, तुमचा शब्द
तोंडात बर्फ धरावा तसा,
घरी पोचेपर्यंत नुसतं पाणी.

त्या दिवशी खडू संपला म्हणून असेल,
किंवा सकाळी निनादशी भांडून आले होते
आणि हात अजून शांत झाले नव्हते म्हणून,
'टी' म्हणताना मी कटिंगचा ग्लास
दोन बोटांनी काठाशी धरला, फुंकर घातली.
अकरा ग्लास वर आले. टी.
पुढच्या बुधवारीही गरम होता.

निनाद माझा धाकटा भाऊ.
बारशाला कुणाला काय ठाऊक.
बाबांनी जन्मभर त्याला हाका मारल्या,
दरवेळी आधीपेक्षा मोठ्याने, आणि चिडले
की हा ओ देत नाही.
खूण एक शिकले नाहीत.

त्याच्या शाळेतल्या खुणा, आमच्या ओट्यापाशी झालेल्या खुणा
मी वर्गात नेऊ लागले मुठीमुठीने,
घरातून साखर न्यावी तशी, न विचारता.
नाकपुडीवर बोट म्हणजे चमकी, म्हणजे वूमन.
सुलभाताईंनी विचारलं, आणि चमकी उतरवलेली?
गेल्या वर्षीच उतरवली होती त्यांनी.
तीही वूमन, म्हटलं,
आणि बोट तिथून हलवलं नाही.

मग आले पाच स्वर, डाव्या हाताच्या पाच बोटांवर.
उजव्या तर्जनीने टोकाला शिवायचं:
अंगठा ए, तर्जनी ई, मधलं बोट आय,
अनामिका ओ, करंगळी यू.
वर्गभर बायका बोटं मोजत बसल्या,
जशा वाण्याच्या वहीवर नजर ठेवून मोजतात.

गोदा तांडेल अनामिकेशी थांबली.
तिची अनामिका रे रोडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये
प्रेसखाली राहिली, सहा वर्षांपूर्वी.
मालकाने अठराशे रुपये दिले,
आणि पिशवीभर मोसंबी.
मी म्हणणार होते, तू उजवा हात वापर.
तोवर तिने मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या मधली
हवा शिवली होती, बरोबर तेवढ्या उंचीवर,
आणि म्हणाली: ओ.

नोव्हेंबरात एकदा मी किल्ली विसरले.
निनाद किल्ली घेऊन दारात उभा.
चोरी उघडी पडली, कारण अकरा जणींनी
एकदम त्याला चहा विचारला, हातांनी.
तो हसला, आवाज काढून हसला,
जो आवाज तो घराबाहेर कधी काढत नाही.
मग गोदाकडे बघून नाव विचारलं.
तिने ओठ मिटून घेतले. जी.
मग ती जागा, जिथे काही नाही.
डी. ए.
मी सांगायला पुढे झाले.
पण त्याला ते वाचून झालं होतं.

परतताना तो खांबाखाली थांबला.
अंधारात आम्हाला बोलता येत नाही.
वाटलं, विचारणार: मला न विचारता नेलंस?
त्याने डावी अनामिका आत मिटली
आणि उजवं बोट हलकेच
त्या फटीत टेकवलं.
हे काय, मी विचारलं.
तिचं नाव, तो म्हणाला. परत वर्ग कधी?

गुरुवारी, टँकर आला नाही तर.
टँकरची खूण आमच्याकडे नव्हती.
ट्रक होती, पाणी होती, पण वाट बघणं
त्यात मावत नव्हतं.
बराच वेळ दिव्याखाली उभे राहून
आम्ही ती करून बघत होतो.